बांबूचा फुलोरा

मालेगावकडच्या घरात सूप, टोपली, मांडवाचा वासा, सारे बांबूचे. पण बांबूचे फूल पाहिलेला माणूस विरळा! आपल्या विदर्भातल्या रानबांबूला बहुधा तीस-चाळीस वर्षांनी एकदाच फुलोरा येतो. मग रानातली बहुतेक बेटे एकदमच फुलतात, बी टाकतात नि वाळून जातात.

एकदमच का? शास्त्रज्ञांचे सांगणे आम्हांला पटते. बांबूचे बी म्हणजे तांदळासारखे धान्य. उंदीर, पाखरे, डुकरे ते खातात. एकटेच बेट फुलले तर बी सारे फस्त. सगळी मिळून फुलली, तर खाणारे खाऊन थकतात, तरी बी उरतेच. मागेपुढे फुलणाऱ्यांचा वंश बुडाला, सोबत फुलणाऱ्यांचा टिकला. पिढ्यान्‌पिढ्या असेच होत गेले.

बांबू फुलला की दुष्काळ, असे जुनी माणसे म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. मिझोराममधला मौतक बांबू 48 वर्षांनी फुलतो. तिथे 1959 साली बी खाऊन उंदीर माजले. बी संपले, तसे ते शेतात शिरले. पीक गेले, माणसे उपाशी मरू लागली. 2007 च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला नि पिकांची पुन्हा नासाडी झाली.

तेव्हा फुलोरा दिसला की कणग्या नीट झाकाव्या. खाली पावसाळ्यात गवतासारखी रोपे उगवतात. तिथे गुरे-शेळ्या सोडू नयेत.