हेलिकॉप्टर शिकतेयस? आधी हिशेब ऐक

मिने, तुझा मेसेज वाचला. ‘ताई, चाळीस तासांत लायसन्स होतं, सोळा हजार डॉलरचा मामला आहे, बोनसमध्ये बसतंय.’ हौसेला माझा विरोध नाही, तो मी करूही शकत नाही. पण तो सोळा हजारांचा आकडा आधी डोक्यातून काढून टाक.

एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याचा, नियम चाळीस तासांचाच आहे, खरंय. त्यातले निदान वीस तास प्रशिक्षकाबरोबर, दहा तास एकटीने, आणि तीन तास रात्रीच्या उड्डाणाचे. पण ही झाली किमान अट. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शिकणाऱ्यांचे आरामात साठ-सत्तर तास होतात. शाळांमधल्या आर-२२ या छोट्या हेलिकॉप्टरचा दर प्रशिक्षक धरून तासाला साडेतीनशे ते साडेचारशे डॉलर. चारशे धर आणि साठने गुण, झाले चोवीस हजार. वर मेडिकल, लेखी परीक्षा, हेडसेट, पुस्तकं आणि शेवटच्या दिवशी परीक्षकाची फी, जी हजाराच्या आसपास जाते. परीक्षेसाठी हेलिकॉप्टरचं भाडं वेगळं. म्हणजे सव्वीस-सत्तावीस हजारांची तयारी ठेव, आणि कृपा करून त्याचे रुपये करत बसू नकोस.

हे जास्तीचे तास कुठे जातात सांगू? हॉवरमध्ये. जमिनीपासून चार-पाच फुटांवर एका जागी थांबायचं, बस्स, एवढंच काम. डाव्या हातात कलेक्टिव्हचा दांडा, उजव्यात सायक्लिकचा, पाय पेडलवर. कलेक्टिव्ह जरा उचललास की नाक उजवीकडे वळतं, म्हणून डावं पेडल दाबायचं. ते दाबलंस की यंत्र बाजूला सरकायला लागतं. ते सायक्लिकने सावरायला जावं, तर हात हमखास जास्त जातो, आणि मग तू उलट्या बाजूला झुलतेस. आणि तिकडे मीटर चालूच. वेळ तासाच्या दशांशात मोजतात, म्हणजे दर सहा मिनिटांनी चाळीस डॉलर गेले. मग एका दिवशी, काहीच वेगळं न करता, ते जमतं. प्रत्येकाचा तो दिवस वेगळा असतो आणि त्याला घाई चालत नाही. मात्र दोन धड्यांमध्ये तीन आठवडे गेले की हात विसरतात आणि त्याच धड्याचे पैसे तू दुसऱ्यांदा भरतेस. म्हणून माझं ठाम मत आहे की सगळी रक्कम बाजूला काढल्याशिवाय सुरुवातच करू नकोस. आठवड्यातून दोनदा उडता येईल असे चार-सहा महिने शोध. प्रोजेक्टचं रिलीज डोक्यावर असताना तर मुळीच नको.

रक्कम बाजूला काढायची म्हणाले, शाळेला आगाऊ भरायची नव्हे. लास व्हेगासची सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची मोठी साखळी होती. विद्यार्थ्यांकडून सुमारे सत्तर हजार डॉलर एकरकमी घ्यायची, बहुतेकांनी कर्ज काढून भरलेले. फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीने एका रात्रीत शटर खाली ओढलं आणि दिवाळखोरी जाहीर केली. पोरं कर्ज डोक्यावर घेऊन, लायसन्स न मिळताच घरी बसली. तेव्हा ‘पॅकेज घेतलंत तर दहा टक्के सूट’ असं कुणी म्हणालं की गोड हसायचं आणि उडालेल्या तासांचेच पैसे द्यायचे. शाळेच्या खात्यात थोडी रक्कम ठेवावीच लागली, तर पाच-सहा तासांची ठेव, त्याहून जास्त नाही.

दर एवढा का, असं तुझ्या आईने, म्हणजे काकूने, विचारलं तर तिला समजेल असं सांग: भिशी आहे ती. आर-२२ चे २२०० तास किंवा बारा वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा सगळं यंत्र खोलून ओव्हरहॉल करावं लागतं. ती रक्कम प्रत्येक तासाच्या भाड्यातून साठत असते. त्याशिवाय विमा आणि पेट्रोल. कुणी फारच स्वस्त दर सांगत असेल तर मला आनंद होत नाही, मला त्या यंत्राचं लॉगबुक बघावंसं वाटतं.

आर-२२ लहान आहे, दोघांचंच. एका सीटवर २४० पौंडांहून जास्त वजन चालत नाही, आणि प्रशिक्षक व पेट्रोल धरून एकूण वजनाचीही मर्यादा आहे. धिप्पाड माणसाला त्यामुळे चार सीटच्या आर-४४ मध्ये शिकावं लागतं आणि त्याचा खर्च दीडपटीच्या वर जातो. काकू तुला ज्या काडी अंगावरून बोलत असते ना, तेच इथे तुझे पैसे वाचवणार आहे. फक्त हलकी आहेस म्हणून घाई नको. आर-२२ चा रोटर हलका. इंजिन बंद पडलं तर साधारण सेकंदाभरात कलेक्टिव्ह खाली जायला हवं, नाहीतर पाती मंदावतात आणि पुन्हा वेग धरत नाहीत. म्हणूनच या यंत्रासाठी एफएएने खास नियम केला आहे: प्रशिक्षकाबरोबर वीस तास झाल्याशिवाय एकटीने उडायचं नाही. ‘पंधरा तासांत सोलो करून देतो’ म्हणणारा आर-२२ वाला भेटला तर उठून ये.

तुझा एच-वन व्हिसा आहे, त्यामुळे पहिल्या धड्याच्या आधी टीएसएची, म्हणजे वाहतूक सुरक्षा खात्याची, परवानगी. बोटांचे ठसे, पासपोर्ट, फी, सगळं. ग्रीन कार्डवाल्यांनाही ती लागते. हौसेची एक डेमो फ्लाइट मात्र त्याशिवाय घेता येते. ती घे आणि पोटात ढवळतं का ते बघ.

‘रिक्रिएशनल’ नावाचंही एक लायसन्स असतं, तीस तासांचं. नावावर भुलू नकोस. एकच प्रवासी, रात्री उडायचं नाही, आणि जादा प्रशिक्षण घेतल्याशिवाय पन्नास नॉटिकल मैलांच्या पलीकडे जायचं नाही. तासांचा फरक प्रत्यक्षात उरतच नाही, त्यामुळे त्या वाटेला फारसं कुणी जात नाही. आधी विमान शिकून मग हेलिकॉप्टरकडे वळायचा पर्यायही तुला कुणीतरी सांगेल. लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही आणि हेलिकॉप्टरचे तासही तिसाच्या घरात येऊ शकतात, पण विमानाचा खर्च आधी झालेलाच असतो. दोन्ही हवं असेल तरच.

आता खरी गोष्ट, जी पत्रकात कुठेच नसते. लायसन्स मिळाल्यावर काय? प्रवाशाला बसवायचं तर मागच्या नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग हवेत. आर-२२ वर नवख्या पायलटला दरवर्षी प्रशिक्षकाकडून उजळणी करून घ्यावी लागते. भाड्याने देणाऱ्या शाळेच्या अटी आणखी कडक, कारण त्यांचा विमावाला कडक. एकटीला भाड्याने घ्यायला तासाला साडेतीनशे धर. महिन्याला दोन तास म्हणजे वर्षाला आठ हजार चारशे. एवढं तर हवंच, त्याहून कमी उडणाऱ्याच्या शेजारी मी बसणार नाही. मैत्रिणीला नेलंस तर निम्मा खर्च ती देऊ शकते. निम्म्याहून एक डॉलर जास्त घेतलास तर तो धंदा झाला, आणि धंद्याचं लायसन्स वेगळं. पुण्याला परत जायचा विचार पक्का असेल तर आणखी विचार कर. तिकडे डीजीसीएच्या परीक्षा देऊन लायसन्स बदलून घेता येईलही, पण रविवारी दोन तास हेलिकॉप्टर भाड्याने कोण देणार?

तेव्हा असं कर. तू राहतेस त्या एडिसनपासून तासाभराच्या अंतरातल्या तीन शाळांना फोन लाव. मीटर इंजिन सुरू झाल्यापासून चालतं की कलेक्टिव्ह उचलल्यापासून, हे विचार. इंजिन गरम-थंड करण्यात रोज दहा मिनिटं जातात, त्यांचे पैसे द्यायचे की नाही ते यावर ठरतं. गेल्या वर्षी परीक्षा पास झालेल्यांना सरासरी किती तास लागले, आणि लायसन्स झाल्यावर नव्या पायलटला आर-२२ एकटीला देतात का, तेही विचार. शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर ती शाळा यादीतून काढ. उत्तरं मला गुरुवारपर्यंत पाठव. आणि काकूला तूच सांगायचंस, मी मध्ये पडणार नाही.