शोधनिबंध पाठवण्यापूर्वी

नवीन पनवेलमध्ये मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अलिबाग वेधशाळेचा इतिहास संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. मुंबईत विजेवरची ट्राम येणार आणि तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांतला फरक पडताळता आला. आपला निबंध चार पानांचा असला तरी काळजी हीच घ्यायची.

सुरुवात नोंदवहीपासून करा. कच्चे आकडे तारीख घालून वेगळे ठेवा, काम प्रतीवर करा. एखादा आकडा वगळलात तर कारण त्याच दिवशी लिहा आणि निबंधातही सांगा. निष्कर्षाच्या आड येतो म्हणून आकडा गाळणे ही फसवणूकच. माणसांची पाहणी असेल तर नैतिकता समितीची मान्यता आधी घ्या आणि संमतीपत्र लोकांना समजेल अशा मराठीत वाचून दाखवा.

मग लेखकांची यादी. खरी कसोटी इथे लागते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण झाल्या तरच नाव. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालू नका. उपकरण किंवा निधी देणाऱ्यांचे आभार माना. उलट, नमुने गोळा करून विश्लेषणात आणि लेखनात राबलेल्या विद्यार्थिनीला लेखिका न करता आभारांत ढकलणे हा उघड अन्याय आहे. तिला हे बोलणे जड जाते, म्हणून मार्गदर्शकानेच काम सुरू होताना हा विषय काढावा.

त्यानंतर इतरांच्या लेखनाशी असलेले साम्य तपासा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ते ६०च्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. पण साम्य मोजणारे सॉफ्टवेअर शब्द जुळवते. दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून घेतली, तर ती त्यात सापडेलच असे नाही. तिथे संदर्भ तुम्हीच द्यायचा.

नियतकालिक पारखून निवडा. पुण्याच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८मध्ये आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिके तपासली. सुमारे ८८ टक्के दर्जाच्या निकषांत बसली नाहीत. पुढे त्या यादीच्या जागी आलेली आयोगाची केअर यादीही २०२५मध्ये बंद झाली. तेव्हा संपादक त्या संस्थेत खरोखर आहेत का, ते स्वतः पाहा. चार दिवसांत छापून देण्याची हमी मिळाली, तर तिकडे फिरकू नका. एका वेळी निबंध एकाच ठिकाणी पाठवा.

छापून आल्यावर चूक सापडली, तर संपादकांना स्वतःहून कळवा. निष्कर्षच कोसळत असेल, तर निबंध मागे घ्या.