गाडीचा डबा बदलण्याआधी

आमच्या तारापूर गावात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. चौथीनंतर त्याची शाळा सुटली. आता तो बाप्या माणूस झाला आहे. त्याच्याकडे २०१८ सालची एक डिझेल पिकअप गाडी आहे. गाडी कर्जावर घेतलेली. तारापूर औद्योगिक वसाहतीचे नाव आमच्या गावाचे, पण कारखाने बोईसरला. तिथला माल भरायचा आणि मनोरवरून हायवेला लागायचे, हा त्याचा धंदा. गाडी चालली तर हप्ता जातो. गाडी थांबली तर हप्ता थांबत नाही.

२०२३ सालच्या जुलै महिन्यात तो माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

“गुरुजी, गाडी मेली,” तो म्हणाला. “कधी चालू होते, कधी होत नाही. मिस्त्री बोलतो, कॉम्प्युटर उडाला. भंगारातला दुसरा आणून बसवला. अठरा हजार दिले. तरी गाडी सुरू होत नाही.”

“बिल घेतलेस का रे?” मी विचारले.

“बिल नाही घेतले. हा एक कागद दिला होता.”

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याने तो उलगडूनही पाहिला नव्हता.

मंडळी, त्या कागदावर काय होते ते पुढे सांगतो. आधी हा ‘कॉम्प्युटर’ म्हणजे काय ते पाहू.

डबा काय काम करतो?

जुन्या डिझेल गाडीत एक पंप असे. तो डिझेल मापून इंजिनाला देई. पंप बिघडला तर मिस्त्री तो खोलून नीट करी. पुढे गाड्या वाढल्या. धूर वाढला. सरकारने धुराचे नियम कडक केले. १ एप्रिल २०१७ पासून साऱ्या देशात बी.एस. ४ हा नियम आला. मग पाच क्रमांक वगळून १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ आला. धूर कमी करायचा तर डिझेल अगदी मोजून आणि अगदी वेळेवर फवारले पाहिजे. साध्या पंपाला हे जमेना. म्हणून गाडीत एक डबा आला. त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात.

या डब्याला गाडीच्या अंगावरचे सेन्सर खबर देतात. इंजिन किती तापले? किती वेगाने फिरते? हवा किती आत आली? चालकाने पाय किती दाबला? ही खबर घेऊन डबा हुकूम सोडतो. एवढे डिझेल, या क्षणी. हे काम एका सेकंदात कितीतरी वेळा चालते.

असे डबे गाडीत अनेक असतात. इंजिनाचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, मीटरचा वेगळा. एकमेकांना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून ते आपसांत बोलतात.

नवा डबा म्हणजे कोरी पाटी

शाळेत नवे मास्तर बदलून आले, तर पहिल्या दिवशी त्यांना काय लागते? हजेरीपट लागतो. मुलांची नावे ठाऊक नाहीत, तर वर्ग कसा घेणार? डब्याचेही तसेच आहे. नुसता खिळे आवळून बसवला म्हणजे झाले नाही. त्याला त्या गाडीची माहिती शिकवावी लागते. यालाच प्रोग्रामिंग म्हणतात.

काय काय शिकवावे लागते?

पहिली गोष्ट, गाडीचा चेसिस नंबर. हा १७ अक्षरांचा व आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा होऊ नये, म्हणून.

दुसरी गोष्ट, चावीची ओळख. बऱ्याच गाड्यांच्या चावीत एक बारीक चिप असते. डबा तिची खूण तपासतो. खूण पटली तरच इंजिन सुरू होऊ देतो. चोराने दुसरी चावी घातली तर गाडी चालत नाही. याला इमोबिलायझर म्हणतात.

तिसरी गोष्ट, इंजेक्टरचे कोड. अनेक डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. दोन इंजेक्टर अगदी तंतोतंत सारखे फवारत नाहीत. तो फरक डब्याला या कोडवरून कळतो.

भंगारातल्या डब्याची पाटी कोरी नसते. तिच्यावर दुसऱ्या गाडीचे नाव लिहिलेले असते. काही डबे पुसून पुन्हा लिहिता येतात. काही येत नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी विचारावे, “हा डबा माझ्या गाडीला शिकवता येईल का? कोण शिकवणार? नाही जमले तर पैसे परत देणार का?”

कधी कधी डबा तोच राहतो आणि आतला धडा तेवढा बदलतात. कंपनी सुधारलेला धडा काढते आणि तिच्या वर्कशॉपात तो डब्यात भरतात. म्हणजे प्रत्येक वेळी नवा डबा घ्यावा लागतो, असे नाही.

शिकवताना एक मोठी काळजी घ्यावी लागते. बॅटरीचा जोर मध्येच उतरता कामा नये. उतरला तर अर्धा धडा पुसलेला आणि अर्धा लिहिलेला, अशी गत होते. डबा कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून चांगला कारागीर त्या वेळी बॅटरीला बाहेरून स्थिर वीज जोडतो.

कागदावर काय होते?

आता तो कागद. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे एक सॉकेट असते. तिथे स्कॅनर लावला की गाडीतले डबे आपली तक्रार कोडमध्ये सांगतात. कोडच्या आधी एक इंग्रजी अक्षर असते. पी म्हणजे इंजिन व गिअर. सी म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग यांचा भाग. बी म्हणजे बॉडी. एअरबॅग त्यातच येते. यू म्हणजे डब्यांचे आपसांतले बोलणे.

कागदावर कोड होता, यू ०१००. मी चष्मा लावून वाचले. अर्थ असा, “इंजिनाच्या डब्याशी बोलणे तुटले.”

नीट पाहा. डबा मेला, असे कागद म्हणत नव्हता. बोलणे तुटले, एवढेच म्हणत होता. शेजारी हाकेला ओ देत नाही, म्हणजे तो मेलाच का? दार बंद असेल. झोप लागली असेल. पहिल्या मिस्त्रीने अर्धे वाक्य वाचले आणि पुढचे मनाने जोडले.

आम्ही पालघरच्या एका वयस्क वायरमनला बोलावले. त्याने डब्याला हात लावला नाही. आधी बॅटरी तपासली. मग फ्यूज पाहिले. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला लावले आणि दुसरे डब्याच्या अर्थ वायरीला. “चावी मारा,” म्हणाला. स्टार्टर फिरत असताना मीटरवर जवळजवळ शून्य दिसायला हवे होते. आकडा दोन व्होल्टच्या वर गेला.

“दुखणे इथे आहे, गुरुजी.”

आमच्या किनाऱ्यावरची हवा खारी. त्यात पावसाचे पाणी. अर्थ वायर जिथे बोल्टने आवळली होती, तिथे हिरवा-पांढरा थर चढला होता. वीज डब्यापर्यंत जात होती, पण परतीची वाट अडली होती. त्याने ती जागा घासून चकचकीत केली. वायरीचे टोक नवे लावले. घट्ट आवळले. वर ग्रीस लावले.

मग भंगारातल्या डब्यावर चावी मारली. डबा आता बोलू लागला, पण चावीचा दिवा लुकलुकत राहिला. इंजिन सुरू झाले नाही. त्या डब्याला ही चावी परकी होती. वायरमनने बॅटरीची वायर सोडवली. गाडीचा जुना, मूळचा डबा परत बसवला. वायर जोडली. चावी मारली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले.

वायरमनने दीडशे रुपये घेतले. अठरा हजार मात्र गेले ते गेलेच. पहिला मिस्त्री म्हणाला, “मी कुठे पैसे घेतले?” बिल नव्हते. भांडणार कशावर? त्या महिन्याच्या हप्त्यासाठी त्याच्या आईने हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या.

आपण काय करावे?

१. डबा बदला, असे कोणी म्हटले तर आधी विचारावे, “बॅटरी, फ्यूज, अर्थ आणि कपलर तपासले का?”

२. स्कॅनरचा कागद मागून घ्यावा. त्यावरचे कोड वाचावेत. स्वतः वाचता आले नाही तर घरातल्या शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावेत. कोड हा दुखण्याचा पत्ता आहे. कोणता भाग विकत घ्यायचा, हे तो सांगत नाही.

३. काढलेला डबा टाकून देऊ नये. आपल्याकडेच ठेवावा.

४. गाडीला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर सोडवून घ्यावी. बॅटरी जोडताना अधिक आणि वजा यांची अदलाबदल करू नये. एवढ्या चुकीनेही डबा जळतो.

५. एअरबॅगच्या वायरींवर बहुधा पिवळे आवरण असते. त्यांना हात लावू नये. एअरबॅग अचानक फुगली तर माणूस जायबंदी होतो.

६. प्रत्येक कामाचे बिल घ्यावे. पोटासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूसही कायद्याने ग्राहक आहे. फसवणूक झाली तर १९१५ या नंबरावर फोन करून तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पण हातात कागद पाहिजे.

माझा विद्यार्थी आता संध्याकाळच्या वर्गाला येतो. परवा त्याने नव्या टायरचे बिल माझ्यापुढे धरले आणि बोट ठेवून मोठ्याने वाचले. तारीख वाचली, रक्कम वाचली, गॅरंटीची ओळही वाचली. एका ठिकाणी अडला. मी गप्प बसलो. त्याने ते अक्षर स्वतःच लावले.

शब्दांचे अर्थ

सेन्सर – खबर देणारा लहान भाग.
इंजेक्टर – इंजिनात डिझेल फवारणारा भाग.
अर्थ – विजेची परतीची वाट.
कपलर – वायरी जोडण्याचे टोक.
प्रोग्रामिंग – डब्याला गाडीची माहिती शिकवणे.

प्रश्न

१. भंगारातल्या डब्यावर गाडी का सुरू झाली नाही?
२. ‘बोलणे तुटले’ आणि ‘डबा मेला’ यांत फरक काय?
३. वायरमनने पहिल्यांदा काय तपासले?
४. घरी गाडी असेल तर आर.सी.वरचा चेसिस नंबर वहीत उतरवा. अक्षरे व आकडे मिळून १७ भरतात का, ते मोजा.