खूण आणि नक्कल

पुस्तक वाचतांना एखादें पान आवडलें, तर आपण त्यांत मोरपीस किंवा कागदाचा तुकडा घालून ठेवितों. आणि त्यांतील उतारा फारच मोलाचा वाटला, तर तो वहींत उतरून घेतों. या दोन्ही गोष्टी सारख्या दिसल्या तरी एक नव्हेत. पुस्तकाच्या धन्यानें पुस्तक परत नेलें, तर खुणेचा कागद हातीं उरून उपयोग काय? वहींतील उतारा मात्र आपल्याजवळच राहतो. इंटरनेटवरील वाचन जपून ठेवण्याची सारी विद्या या एका भेदांत सांठविलेली आहे.

तो भेद न ओळखल्यास काय होतें, तें पाहा. आमच्या परिचयाच्या एका मुलीच्या आजोबांनीं आपल्या गांवच्या जुन्या विहिरींविषयीं लेख लिहिला व तो एका संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला. मुलीनें मोठ्या हौसेनें ब्राउझरमध्यें त्याचा बुकमार्क केला. पुढें आजोबा वारले. पहिल्या स्मृतिदिनीं तो लेख सर्वांस वाचून दाखवावा, म्हणून तिनें बुकमार्क दाबला. तों पान सांपडत नाहीं, एवढेंच उत्तर आलें. संकेतस्थळ बंद पडलें होतें. मुलगी रडवेली झाली. सुदैवानें तिच्या काकांनीं लेख प्रसिद्ध झाला त्याच दिवशीं त्याची पीडीएफ प्रत करून ठेविली होती. तीच त्या दिवशीं वाचली गेली. पुतणीनें खूण ठेविली होती, काकांनीं नक्कल.

असें होणें विरळा नाहीं. अमेरिकेंतील प्यू संशोधन केंद्राची एक पाहणी २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. २०१३ सालीं अस्तित्वांत असलेल्या ज्या पानांची त्यांत तपासणी झाली, त्यांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनंतर उघडेनाशीं झालीं होतीं. फार काय, जगांतील पहिल्या संकेतस्थळाचीही हीच कथा! टिम बर्नर्स-ली यांनीं सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेंत तें तयार केलें व १९९१ सालीं तें बाहेरच्या जगास खुलें झालें. परंतु त्याचें अगदीं आरंभींचें रूप कोणीं जपलें नाहीं. २०१३ सालीं सर्ननें तें मूळ पत्त्यावर पुन्हां उभें केलें, तेव्हां १९९२ सालच्या नकलेवर समाधान मानावें लागलें.

आतां साधनांकडे वळूं. संगणकावर कंट्रोल ही कळ दाबून धरून डी दाबला, कीं बुकमार्क होतो. ही झाली खूण. तींत पानाचा पत्ता तेवढा राहतो, मजकूर राहत नाहीं. हवामान, गाड्यांच्या वेळा, परीक्षांच्या सूचना अशा नित्य बदलणाऱ्या पानांस ती उत्तम; कारण तेथें आपल्यास जुना मजकूर नको, नवा हवा असतो.

नक्कल करण्याचे मार्ग निराळे आहेत. कंट्रोल व पी दाबल्यास छपाईची चौकट उघडते. तींत छपाईयंत्राऐवजीं पीडीएफ म्हणून जतन करण्याचा पर्याय निवडावा. पानाच्या माथ्यावरील व तळाच्या ओळी छापण्याची सोय चालू ठेवावी, म्हणजे तारीख व पत्ता प्रतीवर आपोआप उमटतात. कंट्रोल व एस दाबल्यास संपूर्ण पान जतन करितां येतें. परंतु पुष्कळदां त्याच्या शेजारीं त्याच नांवाचा एक फोल्डर तयार होतो व चित्रें त्यांत असतात. फाइल नेली आणि फोल्डर मागें राहिला, तर चित्रें हरवलींच म्हणून समजावें. पडद्याचें नुसतें छायाचित्र घेणें सोपें खरें. पण त्यांत पडद्याबाहेरचा मजकूर येत नाहीं, आणि मोबाइलवर तर पत्ताही बहुधा अपुराच दिसतो.

सार्वजनिक महत्त्वाच्या पानासाठीं आणखी एक आश्रय आहे. ब्रूस्टर केल यांनीं १९९६ सालीं अमेरिकेंत इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था स्थापिली. तिच्या वेबॅक मशीन या संग्रहांत, जो २००१ सालापासून सर्वांस खुला आहे, पानाचा पत्ता देऊन त्याची त्या दिवसाची नक्कल ठेववितां येते. प्रत्येक पान तेथें जतन होतेंच असें नाहीं. म्हणून नक्कल नीट उतरली कीं नाहीं, तें उघडून पाहावें.

आतां दुसऱ्यास पाठविण्याविषयीं. येथें नियम उलटा आहे: स्वतःसाठीं नक्कल ठेवावी, दुसऱ्यास पत्ता द्यावा. पत्ता दिला म्हणजे मूळ लेखकाचें श्रेय त्यास मिळतें आणि वाचणाऱ्यास मजकूर खरा कीं खोटा, तें स्वतः पडताळून पाहतां येतें. कापलेल्या चित्रावरून तसें करणें कठीण. क्रोम ब्राउझरमध्यें एखादें वाक्य निवडून माउसची उजवी कळ दाबली, तर थेट त्या वाक्यापाशीं नेणारा दुवाही मिळतो. मराठी विकिपीडियावरील पानाचा पत्ता उचलून दुसरीकडे उतरविला, तर पुष्कळदां देवनागरी अक्षरांच्या जागीं टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ दिसते. तिला भिऊं नये. ती देवनागरीचेंच सांकेतिक रूप आहे. मात्र तींतील एकही अक्षर गळूं देऊं नये.

पालकांसही एक विनंति आहे. आपल्या घरच्या माणसाचा लेख, गांवाचा इतिहास किंवा मुलाच्या बक्षिसाची बातमी कोठें प्रसिद्ध झाली असेल, तर आज रात्रींच मुलांस जवळ बसवून तिची नक्कल करा, तीस विषयाचें नांव द्या, तारीख घाला आणि दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवा. या कामास दहा मिनिटें पुरतात. आणि पान एकदां नाहींसें झाल्यावर दहा दिवस शोधूनही तें हातीं लागेल, याची शाश्वती नसते.