संकेतस्थळाची बातमी कशी द्यावी?

आपल्यातील काही तरुणांनी घरगुती व्यवसायासाठी संकेतस्थळ उघडले आहे. पण जाहिरातीस पैसा नाही. अशांनी बातमीचा मार्ग धरावा, असे आम्ही सुचवितो.

‘संकेतस्थळ सुरू झाले’ एवढ्याने बातमी होत नाही. ‘गोधड्यांना परगावची मागणी, चार भगिनींना काम’ याची होते. कोण, काय, कधी, कुठे, का, कसे यांची उत्तरे पहिल्याच परिच्छेदात द्यावीत. एक पानी प्रसिद्धिपत्रक, छायाचित्र व संकेतस्थळाचा अचूक पत्ता या तीन गोष्टी जिल्हा आवृत्तीच्या वार्ताहराकडे आणि स्थानिक साप्ताहिकाकडे पोहोचवाव्यात. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखे सामुदायिक रेडिओ केंद्र जवळ असल्यास तेथेही कळवावे.

छापून येईलच असे नाही, चिकाटी ठेवावी. मात्र एकही आकडा खोटा देऊ नये. एकाचे खोटे उघडे पडले की आपल्या पुढच्या मुलांच्या पत्रकावरही कोणी विश्वास ठेवत नाही.