ती फाइल चालवलीस का?

लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

चि. ओंकार,

तू फोन उचलत नाहीस. दाजींचा माणूस मालासाठी इकडे आलाय, त्याच्या हाती चिठ्ठी देतोय. ताई सांगत होती, अण्णांच्या पंचाहत्तरीच्या व्हिडिओला आवाज येत नव्हता, म्हणून कुठल्याशा साइटवरून तू कोडेक उतरवलास. आणि तेही दुकानाचा हिशेब आणि बँक ज्या कॉम्प्युटरवर आहे त्यावर! खरं सांग, नुसता उतरवलास की चालवलास?

अरे, एमपी४, एमकेव्ही हे नुसते डबे. आत चित्र एका पद्धतीनं दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या. चित्र एच.२६४ मध्ये असेल तर ते दिसतं. पण आवाज डीटीएसमध्ये असला आणि तुझ्या प्लेयरला तो उलगडता आला नाही, की अण्णा मुके. हे उलगडणारे असतात ते कोडेक. व्हीएलसी प्लेयरमध्ये असे बहुतेक कोडेक आधीच असतात, तेही फुकट. मात्र तो प्लेयर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या मूळ साइटवरूनच घ्यायचा. टूल्समध्ये ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडलंस की डब्यात काय आहे ते कळतं.

विंडोज फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं लपवतं, हे तुला माहीत नसावं. ‘एमपी४.ईएक्सई’ असेल तर दिसतं नुसतं ‘एमपी४’. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइल एक्स्टेन्शन दाखवायला लाव. आणि शेवटी ईएक्सई असलेलं, म्हणजे व्हिडिओ नव्हे तर प्रोग्राम असलेलं, ते काहीतरी तू चालवलंस का, तेवढं सांग.

तो व्हिडिओ जपायला मी एवढं का सांगतोय? ताईच्या लग्नाची कॅसेट माळ्यावर होती. कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ म्हणत मी वर्षं घालवली. इथल्या पावसाळ्यात तिला बुरशी धरली. ज्यांनी कॅमेरा स्वतः बनवला त्या बाबूराव पेंटरांचा १९२० चा ‘सैरंध्री’ चित्रपटदेखील आज बघायला मिळत नाही, तिथं आपल्या कॅसेटची काय कथा! पण अण्णांचा आवाज त्या एकाच व्हिडिओत आहे रे.

आईनंच, तुझ्या आजीनं, तो आवाज ऐकायचा हट्ट धरला होता, हे ताईनं मागाहून सांगितलं. मग मला जास्त बोलवेना.

व्हिडिओचा पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेव, त्या मशीनला परत लावू नकोस. चालवलं असशील तर नेट बंद कर, दाजींना सांग, बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायला लाव. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. रविवारी मी येतो. आईला घेऊन बसू. रागावणार नाही, पण आज रात्री फोन कर.

तुझा मामा