ग्रीक, जावानीज आणि आमची खोली



आपल्या हॉस्टेलवर 'जावा' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती प्रॅक्टिकलची ओरल, आणि 'ग्रीक' म्हटलं की अल्फा, बीटा, थीटा... म्हणजे पुन्हा ओरलच! पण जावानीज ही इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या कोट्यवधी माणसांची मातृभाषा आहे. (१९९५ साली आलेल्या संगणकाच्या जावाला नाव मिळालं ते कॉफीवरून, आणि त्या कॉफीला बेटावरून.) या दोन भाषांवर लिहायला बसलो, त्याला कारण माझी एक फजिती.

त्याचं झालं असं. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मी भाषण ठोकलं. म्हणालो, "ग्रीक परकी, जावानीज मात्र आपली! तिथे भाषेला 'बासा' म्हणतात, अक्षराला 'अक्सारा', घराला 'ग्रिया' म्हणजे गृह. गुरू, राजा तर जसेच्या तसे. अर्जुन आणि भीम तिथल्या वायांग बाहुल्यांच्या खेळात आजही येतात. म्हणजे जावानीज ही संस्कृतचीच लेक, मराठीची बहीण!" टाळ्या पडल्या.

रात्री खोलीवर आलो. माझा रूम-पार्टनर जत तालुक्यातला, घरची भाषा कानडी. तो म्हणाला, "मग आमची कानडी पण तुमचीच का रे?" मी त्याच झोकात बोलून गेलो, "तर काय! अक्का, अण्णा, तुप्प... सगळं मराठीच. तुम्ही फक्त मोडून बोलता."

तो काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याने माझ्या ताटात एकेक चपाती टाकली आणि मोजली, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. यात तुझं काय आहे, दाखव." मला दाखवता येईना. मग लायब्ररीत बसलो. जे कळलं ते पुढे देतो.

कसोटी पहिली : आकडे

शेजाऱ्याकडून आपण साखरेची वाटी उसनी आणतो, चूल उसनी आणत नाही. भाषेतही नव्या वस्तू, धर्म, राज्यकारभार यांचे शब्द सहज उसने येतात. एक ते दहा आकडे, हात-पाय, मी-तू हे सहसा घरचेच असतात. म्हणून आधी आकडे लावून बघायचे.

संस्कृत : द्वि, त्रि, पञ्च, सप्त, अष्ट, दश.
मराठी : दोन, तीन, पाच, सात, आठ, दहा.
प्राचीन ग्रीक : द्युओ, त्रेइस, पेन्ते, हेप्ता, ओक्तो, देका.
जावानीज : लोरो, तेलु, लिमा, पितू, वोलू, सपुलुह.

ग्रीक ओळ ओळखीची वाटली ना? केमिस्ट्रीतले पेंटेन, हेप्टेन, ऑक्टेन, डेकेन आठवा. जिला मी 'परकी' म्हणालो ती ग्रीक आपली लांबची चुलत बहीण निघाली. आणि जावानीजचा 'लिमा' फिलिपिन्समधल्या टागालोगमध्येही 'लिमा'च आहे, तर हवाईत त्याच शब्दाने हात सांगतात. हाताची बोटं पाच, हे मोजून घ्या! जावानीजचं घराणं वेगळं आहे. त्याला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात, आणि ते मादागास्करपासून हवाईपर्यंत समुद्रभर पसरलेलं आहे.

कसोटी दुसरी : फरकातला नियम

नुसतं सारखं दिसणं पुरत नाही. मी खंडाळ्याचा. पुण्याहून साताऱ्याला जाताना शिरवळ सोडलं की खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागतं ते खंडाळा. पण नाव सांगितलं की समोरचा लगेच लोणावळा, चिक्की आणि १९९८ च्या 'गुलाम' सिनेमातलं ते गाणं काढतो! नाव एक, गावं दोन. आडनाव एक म्हणून कोणी भाऊबंद होत नाही. सातबारा बघावा लागतो.

भाषेचा सातबारा म्हणजे ध्वनींचा नियम. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'स' आहे, तिथे ग्रीकमध्ये बऱ्याच शब्दांत 'ह' येतो. सप्तचं हेप्ता. समचं 'होमो', म्हणजे आपलं होमोजीनियस. संस्कृतात अर्ध्याला 'सामि' असाही शब्द आहे, त्याचं ग्रीक 'हेमी', म्हणजे हेमिस्फिअर. एक उदाहरण योगायोग असू शकतं. पण फरकसुद्धा ठरलेल्या वाटेने पडायला लागला की ते नातं. सप्तचं सात आणि अष्टचं आठ झालं, तेही असंच प्राकृतातून नियमाने आलेलं.

याउलट 'केंद्र' पाहा. हा शब्द ग्रीक 'केन्त्रोन'वरून ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आला. 'दाम' हा 'द्राख्मे' या ग्रीक नाण्यावरून. हे उसने. म्हणजे ग्रीकशी आपलं नातंही आहे आणि देवघेवही. दोन्हींचा हिशेब मात्र वेगवेगळ्या वहीत ठेवायचा.

कसोटी तिसरी : क्रियापद

'वाहून नेणे' याची संस्कृत रूपं : भरामि, भरसि, भरति. ग्रीक : फेरो, फेरेइस, फेरेइ. मी-तू-तो बदलला की शेपूट बदलतं. मराठीतही जेवतो, जेवतोस, जेवते. जावानीजमध्ये 'अकू मांगान, कोवे मांगान, देवेके मांगान'. मी, तू, तो किंवा ती, कोणीही जेवो, मांगान ते मांगानच. लिंगभेदही नाही. आपल्याकडे तो-ती-ते अशी तीन लिंगं, ग्रीकमध्येही तीनच.

मोठी माणसंही चुकली आहेत

१७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं. पुढे जर्मनीत विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने जावाच्या जुन्या काव्यभाषेचा, 'कवी' भाषेचा, अभ्यास केला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३६ ते १८३९ या काळात निघाला. कवी भाषा संस्कृत शब्दांनी गच्च भरलेली आहे, पण तिचं व्याकरण मलय घराण्याचं, असं त्याने दाखवलं. तरी तुलनात्मक व्याकरणाचा आद्य पंडित फ्रान्झ बॉप याने १८४१ साली त्या भाषा संस्कृतच्याच कुळात बसवायचा प्रयत्न केला. तो टिकला नाही. हे वाचून मला जरा धीर आला!

मग जावानीजशी आपलं काहीच नाही का?

आहे की. जावानीजची जुनी लिपी ब्राह्मीतून आलेली, म्हणजे आपल्या देवनागरीची नातलग. आणि एक गंमत. आपण मित्राला 'जेवलास का' आणि सरांना 'जेवण झालं का आपलं' म्हणतो. जावानीजमध्ये हे प्रकरण फार पुढे गेलंय. बरोबरीच्यांशी बोलायची भाषा 'न्गोको', मानाची 'क्रमा'. घर बरोबरीत 'ओमाह', मानाच्या बोलीत 'ग्रिया', आणि थोरामोठ्यांचं घर असेल तर 'दालेम'. दहा हा आकडासुद्धा मानाने बोलताना 'सदासा' होतो. त्यात संस्कृत 'दश' आहे! म्हणजे मान द्यायचा तर उसनी, उंची भांडी काढायची. आपण तरी काय करतो? घरी 'जेवण', पत्रिकेत 'स्नेहभोजन'.

यातून आणखी एक कळलं. आकडासुद्धा कधी उसना असू शकतो, म्हणून एका शब्दावर निकाल द्यायचा नाही. तिन्ही कसोट्या लावायच्या.

आता खोलीतला हिशेब. कानडी ही द्राविडी घराण्याची, तमिळ-तेलुगूची सख्खी. आणि अक्का, अण्णा हे शब्द मराठीनेच कानडीकडून घेतले असं अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याला मी 'मोडून बोलता' म्हणालो, त्याच्याच घरची वाटी आमच्या फडताळात होती. भावाला हाक मारायचा शब्द ज्यांच्याकडून घेतला, त्यांनाच मी भाषा शिकवायला निघालो होतो.

उसनं घेणं कमीपणाचं नाही. जावाने संस्कृतकडून घेतलं, संस्कृतने ग्रीककडून, मराठीने कानडीकडून. कमीपणा आहे तो उसनी वाटी आपलीच म्हणण्यात, आणि त्याहून जास्त, देणाऱ्यालाच चोर ठरवण्यात.

त्या रात्री मी पार्टनरला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "सॉरी राहू दे. दहापर्यंत मोज." मी सहावर अडकलो, त्याने पुढे नेलं. आता मेसमध्ये आमच्या चपात्या कानडीतच मोजल्या जातात. हत्तुपर्यंत अजून कोणी पोहोचलेलं नाही, पण तो दोष भाषेचा नाही, चपातीचा!

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी